फिलिपाइन्सचे स्वतंत्र चर्च : रोमशी फारकत कशी झाली

मनिलातील एका कामगार संघटनेच्या सभेत ३ ऑगस्ट १९०२ रोजी ‘इग्लेसिया फिलिपिना इंदिपेन्दिएन्ते’, म्हणजे फिलिपाइन्सचे स्वतंत्र चर्च, स्थापन झाल्याची घोषणा झाली. पोपची सत्ता या चर्चने नाकारली. मिस्सा, संस्कार आणि पूजावस्त्रे मात्र जुनीच ठेवली. या फुटीचे मूळ धर्मसिद्धान्तात नव्हतेच. गावाच्या चर्चचा कारभार कोणी पाहायचा, या शतकभर चिघळलेल्या वादातून ती झाली.

स्पेनने १५६५ पासून ही बेटे ताब्यात घेतली. ‘पात्रोनातो’ या व्यवस्थेनुसार धर्मप्रसाराचा खर्च राजा करी आणि बिशप कोण व्हावा हे तोच सुचवी. पोर्तुगीज राजाला गोव्यात ‘पाद्रोआदो’खाली असेच अधिकार होते. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि रेकोलेक्त या संघांचे साधू, म्हणजे फ्रायर, गावोगावी पॅरिश, म्हणजे गावच्या चर्चचा कारभार, सांभाळत. धर्म रुजला की पॅरिश बिशपच्या हाताखालील स्थानिक धर्मगुरूंकडे सोपवावी, असा चर्चचा संकेत होता. फिलिपाइन्समध्ये तो पाळला गेला नाही. बहुतेक गावांत फ्रायर हाच एकमेव स्पॅनिश माणूस असे. शाळा, करयाद्या, गावच्या पुढाऱ्यांची निवड यांवर त्याची नजर राही. त्यामुळे सरकारला तो हवाच होता. मनिलाभोवतीच्या सुपीक प्रांतांत धर्मसंघांच्या मोठ्या जमिनी होत्या आणि तेथील कुळे त्यांना खंड भरत. पापाची कबुली ऐकणारा आणि खंड वसूल करणारा एकाच संघाचा, अशी ही स्थिती होती.

जेझुइट या धर्मसंघाचे साधू १८५९ मध्ये बेटांवर परतले आणि दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावरील पॅरिश त्यांच्याकडे गेल्या. तेथून हटवलेल्या रेकोलेक्तांना १८६१ च्या राजाज्ञेने भरपाई मिळाली, ती मनिलाच्या धर्मप्रांतातील देशी धर्मगुरूंच्या पॅरिश काढून. या अन्यायाविरुद्ध फादर पेद्रो पेलाएझ आणि त्यांच्यानंतर होसे बुर्गोस यांनी आवाज उठवला. जानेवारी १८७२ मध्ये काविते येथे शस्त्रागारातील शिपाई आणि कामगारांचे बंड झाले. त्याचा ठपका ठेवून बुर्गोस, मारियानो गोमेझ आणि हासिन्तो झामोरा या तीन धर्मगुरूंना १७ फेब्रुवारी रोजी गळा आवळून देहदंड देण्यात आला. त्यांची धर्मगुरूपदाची वस्त्रे उतरवण्यास खुद्द आर्चबिशपांनी नकार दिला होता. कादंबरीकार होसे रिझाल यांनी १८९१ मधील आपली कादंबरी या तिघांना अर्पण केली. पॅरिशचा वाद आता राष्ट्राचा वाद झाला होता.

१८९६ मध्ये स्पेनविरुद्ध क्रांती पेटली आणि १८९८ मध्ये क्रांतीचे नेते एमिलियो आगिनाल्दो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. इलोकोस प्रांतातील धर्मगुरू ग्रेगोरियो अग्लिपाय यांना त्यांनी ऑक्टोबर १८९८ मध्ये लष्कराचे मुख्य धर्माधिकारी नेमले. मनिलाचे स्पॅनिश आर्चबिशप नोझालेदा यांच्या कारकिर्दीत १८९९ मध्ये अग्लिपाय यांना धर्मबहिष्कृत करण्यात आले. क्रांतीचे विचारवंत आपोलिनारियो माबिनी यांनी फिलिपिनो धर्मगुरूंना राष्ट्रीय चर्च उभारण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पानिकी येथे अग्लिपाय यांच्या नेतृत्वाखाली देशी धर्मगुरूंची सभा भरली. तिची मागणी फिलिपिनो बिशपांची होती. पोपशी नाते तोडण्याची भाषा अजून नव्हती.

पुढे स्पेनची जागा घेत अमेरिकेने बेटे जिंकली, तरी रोमचे धोरण बदलले नाही. पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप शापेल यांनी फ्रायरांची बाजू घेतली. स्पेनमधील हद्दपारीतून १९०१ मध्ये परतलेले पत्रकार इसाबेलो दे लोस रेयेस यांनी कामगार संघटना उभारली आणि तिच्याच सभेत नव्या चर्चची घोषणा केली. अग्लिपाय यांना न विचारताच त्यांचे नाव सर्वोच्च बिशप म्हणून जाहीर झाले. ते आधी कचरले. सप्टेंबर १९०२ मध्ये पोप तेरावे लिओ यांचे फर्मान निघाले. त्यात देशी धर्मगुरू घडवण्याचा उपदेश होता, पण देशी बिशप नव्हते. अग्लिपाय यांनी पद स्वीकारले आणि २६ ऑक्टोबर रोजी मनिलातील तोंदो येथे नव्या चर्चची पहिली मिस्सा झाली. १९०३ मध्ये या चर्चने रिझाल आणि १८७२ चे तीन हुतात्मे यांना संतपद दिले. त्याच वर्षी मनिलाला नवे आर्चबिशप मिळाले, पण तेही फिलिपिनो नव्हे, अमेरिकन.

धर्मगुरूंबरोबर गावेच्या गावे नव्या चर्चकडे वळली आणि चर्चच्या जुन्या इमारतींचा ताबाही त्याच्याकडे गेला. मग दोन बाजूंनी पावले पडली. धर्मसंघांच्या जमिनी अमेरिकन सरकारने डिसेंबर १९०३ मध्ये सुमारे ७२ लाख डॉलरना विकत घेतल्या, आणि १९०६ मध्ये होर्हे बार्लिन हे पहिले फिलिपिनो बिशप झाले. लागोनोय येथील चर्चच्या ताब्याचा खटला याच बार्लिन यांनी लढवला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी इमारती रोमन कॅथलिक चर्चच्याच असल्याचा निर्णय दिला. देशी बिशपाची मागणी पुरी झाली आणि चर्चच्या इमारतीही रोमकडे परत गेल्या. नव्या चर्चची वाढ खुंटली. तरीही १९१८ च्या जनगणनेत त्याचे सुमारे १४ लाख अनुयायी होते.

सिद्धान्तातील अंतर नंतर आले. अग्लिपाय त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणाऱ्या युनिटेरियन विचारांकडे झुकले. १९४० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर चर्चमध्ये फूट पडली. संस्थापकाचे पुत्र इसाबेलो दे लोस रेयेस (धाकटे) यांच्या गटाने १९४७ मध्ये त्रैक्याची श्रद्धा पुन्हा स्वीकारली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चकडून या गटाच्या बिशपांना प्रेषितांपासून चालत आलेली दीक्षापरंपरा मिळाली आणि १९६१ मध्ये दोन्ही चर्चमध्ये पूर्ण सहभागाचा करार झाला. २०२१ मध्ये फिलिपाइन्सच्या कॅथलिक बिशपांनी आणि या चर्चने परस्परांचा बाप्तिस्मा मान्य केल्याचे संयुक्तपणे जाहीर केले. प्रशासन मात्र आजही वेगळे आहे.