अभिवृत्ती आणि वर्तन : मनात काय, हातून काय

अभिवृत्ती : व्यक्ती, वस्तू किंवा विचाराबद्दलचा अनुकूल वा प्रतिकूल, बराच काळ टिकणारा कल. घटक तीन : समजुती, भावना, वागण्याची तयारी. ती घडते घरात, शाळेत, मित्रमंडळींत, पण सर्वांत पक्की होते स्वानुभवाने.

लापिएर, १९३४ : अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३० पासून दोन वर्षांत एका चिनी जोडप्यासोबत देशभर फिरले. हॉटेले, खाणावळी मिळून अडीचशेवर ठिकाणे. नकार फक्त एकदा. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारले : चिनी पाहुणे घ्याल का? उत्तर देणाऱ्या १२८ पैकी ९० टक्क्यांहून अधिक म्हणाले, नाही. अर्थात, पत्र लिहिणारा आणि दारात पाहुण्याला सामोरा गेलेला माणूस एकच होता, याची खात्री नव्हती.

उलटा प्रवास : वर्तनही अभिवृत्ती बदलते. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग. खुंट्या पाव-पाव फिरवण्याचे कंटाळवाणे काम. 'मजेशीर आहे' असे पुढच्याला सांगण्यासाठी काहींना १ डॉलर, काहींना २०. नंतर ते काम जास्त आवडल्याचे सांगितले १ डॉलरवाल्यांनी.

मेळ केव्हा बसतो : अभिवृत्ती ठाम असेल आणि नेमक्या त्याच कृतीबद्दल असेल तेव्हा.