आतड्याचं ऑपरेशन झालं, आता क्रोन्स गेला?

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी १४ रुग्णांची हकिकत छापली. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, जाड होतो, वाट अरुंद होते. तेवढा भाग कापून काढला की रुग्ण बरा होतो, असं त्यांना वाटत होतं. ऑपरेशनं करणाऱ्या ए. ए. बर्ग या सर्जननी लेखावर आपलं नाव घालू दिलं नाही. घातलं असतं तर वर्णानुक्रमाने ते पहिलं आलं असतं आणि आज या आजाराला वेगळंच नाव असतं. ‘कापलं की बरं’ हा समज मात्र पुढच्या काही वर्षांतच मोडला, कारण त्याच प्रकारच्या रुग्णांमध्ये आतड्याची टोकं जिथे जोडली त्या जोडाजवळ आजार पुन्हा दिसू लागला.

डॉक्टरांनी तो समज सोडून दिला, घरोघरी तो अजून शाबूत आहे. भेटायला आलेला प्रत्येक जण ‘सुटलास एकदाचा’ म्हणून जातो. क्रोन्समध्ये ऑपरेशननंतर बरं वाटणं फसवं असू शकतं आणि बरं न वाटणंही फसवं असू शकतं. बहुतेक गैरसमजांचं मूळ या दोन फसवणुकींत आहे.

‘काही त्रास नाही, मग औषधं आणि तपासण्या कशाला?’

बेल्जियममधल्या लूव्हेनच्या पॉल रुटगीर्ट्स यांच्या गटाने ऑपरेशन झालेल्या रुग्णांची दुर्बिणीने तपासणी केली. त्यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही या विषयाचा पाया मानले जातात. वर्षभराच्या आत सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या आतड्यात, जोडाच्या लगेच वरच्या बाजूला, नवे व्रण दिसले. त्रास मात्र सुमारे २० टक्के रुग्णांनाच होत होता. म्हणजे बाकीचे मजेत जेवत होते, कामावर जात होते आणि आत आजार पुन्हा मूळ धरत होता. पोट दुखायला लागेपर्यंत थांबलं तर तोवर आतडं पुन्हा आकसलेलं असू शकतं.

म्हणून ऑपरेशननंतर साधारण सहा महिन्यांनी, फार तर वर्षभरात, कोलोनोस्कोपी करावी असं सांगितलं जातं. अहवालात ‘रुटगीर्ट्स स्कोअर’ असतो, आय-शून्य ते आय-चार. शून्य म्हणजे व्रण नाहीत, चार म्हणजे आजार जोरात परतला. साधारणपणे दोनपासून पुढे डॉक्टर औषध सुरू करतात किंवा वाढवतात. हे करून फरक पडतो का, हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १७४ रुग्णांवर तपासलं गेलं. सहाव्या महिन्यात दुर्बीण घालून त्यानुसार औषध बदललेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांत दीड वर्षाने आजार परतलेला दिसला. तशी तपासणी न केलेल्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं. फरक जादूचा नाही, पण दुसरं ऑपरेशन टाळायचं असेल तर दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

ज्यांचा धोका जास्त, त्यांच्यासाठी बहुधा सहा महिनेही थांबत नाहीत. धूम्रपान करणारे, आधी एकदा आतडं कापलेले, भगेंद्रासारखा मार्ग किंवा छिद्र पडल्यामुळे ऑपरेशन करावं लागलेले रुग्ण यात येतात. त्यांना जखम भरली की काही आठवड्यांतच इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिमुमॅबसारखं औषध सुरू केलं जातं. विडी-सिगारेट ही या यादीतली एकच अशी गोष्ट आहे जी रुग्णाच्या हातात आहे. ती चालू ठेवली तर आजार परतण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

‘पुन्हा जुलाब लागले, म्हणजे आजार उलटला’

ही दुसऱ्या बाजूची फसवणूक. क्रोन्समध्ये बहुधा लहान आतड्याचा शेवटचा तुकडा आणि मोठ्या आतड्याची सुरुवात काढली जाते. पचनासाठी यकृतातून आलेले पित्तक्षार पुन्हा रक्तात शोषून घेणं हे त्या शेवटच्या तुकड्याचं काम. साधारण ९५ टक्के क्षार तिथूनच परत घेतले जातात. तो भाग गेला की क्षार मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी सुटतं आणि जेवल्यावर थोड्या वेळातच धावत जावं लागतं. ताप नाही, रक्त नाही, सूज नाही. नुसते पातळ जुलाब. यावर सूज कमी करणारी भारी औषधं वाढवून काही उपयोग नाही. कोलेस्टिरामिनची पावडर पित्तक्षार धरून ठेवते आणि कित्येकांचा त्रास त्यानेच आटोक्यात येतो. ही पावडर इतर गोळ्याही धरून ठेवते, म्हणून बाकीची औषधं तिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायची.

इथे किती आतडं काढलं याला फार महत्त्व आहे. १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त गेलं असेल तर यकृताला तूट भरून काढता येत नाही, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, शौच तेलकट आणि तरंगणारं होतं. अशा वेळी कोलेस्टिरामिनने उलट त्रास वाढू शकतो आणि जेवणातलं तेल-तूप कमी करावं लागतं. लक्षण वरवर तेच, उपाय मात्र उलटा. याशिवाय लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप गेल्यामुळे लहान आतड्यात जिवाणू वाढतात, त्यानेही पोट फुगतं आणि जुलाब होतात. आणि अर्थात, आजार खरोखर परतलेलाही असू शकतो. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनच्या चाचणीतून आत सूज आहे की नाही याचा अंदाज येतो, खात्री दुर्बिणीने होते. तोवर कुणाच्या सांगण्यावरून जुनी स्टेरॉइडची गोळी सुरू करू नये. घराघरांत ती उरलेली पाकिटं असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

‘बी१२ चांगलं आलं, आता विषय संपला’

बी१२ जीवनसत्त्वही त्याच शेवटच्या तुकड्यात शोषलं जातं. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे ऑपरेशननंतर वर्षभर अहवाल छान येतो आणि पुढे कधीतरी पायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो. आपल्याकडे शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. अशांनी दरवर्षी तपासावं, आणि डॉक्टरांनी इंजेक्शन लावून दिलं असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नये.

‘मुतखडा झाला, दूध-दही बंद करा’

नेमकं उलटं. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम बांधून टाकते. मग अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहतं, मोठ्या आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. जेवणाबरोबर कॅल्शियम घेतलं तर तेच ऑक्झलेटला आतड्यात अडवतं. म्हणून जेवताना दही किंवा ताक हवं, पालक, माठ, बीट, सुकामेवा आणि कपामागून कप चहा कमी हवा. पाणीही भरपूर लागतं.

‘पिशवीतून खूप जातंय? मग भरपूर पाणी पी’

लहान आतडं पोटाबाहेर काढून पिशवी लावलेली असेल तर दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर जाणं नेहमीचं. दीड लिटरच्या वर जाऊ लागलं की धोका. अशा वेळी नुसतं पाणी, चहा किंवा सरबत पोटात ओतत राहिलं तर आतडं त्यात शरीरातलं मीठ सोडतं आणि पिशवी आणखी भरते. माणूस तांब्यामागून तांब्या पितो आणि तरी कोरडा पडतो. साधं पाणी मोजकं ठेवून मीठ-साखरेचं योग्य द्रावण घोट घोट प्यायचं. नारळपाण्यात सोडियम फार कमी असतं, ते याची जागा घेऊ शकत नाही. लघवी कमी झाली, पायांत गोळे आले, उभं राहताना चक्कर आली तर उद्याची वाट पाहू नका. आणि पिशवी कायमचीच असते असंही नाही. बऱ्याच जणांची जोड भरल्यावर काही महिन्यांनी काढली जाते.

‘आता जन्मभर मऊ भात’

नाही. असल्या पथ्याने वजन आणि स्नायू जातात, आजार थांबत नाही. आतडं कुठे अरुंद राहिलं असेल तरच सालं, बिया, धाग्यांच्या भाज्या टाळायच्या. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र स्वतःहून घेऊ नये.

‘आधी टीबी सांगितला होता, म्हणजे निदान चुकलं’

भारतात आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दोन्ही एकाच जागी बसतात आणि दुर्बिणीतून सारखेच दिसतात. त्यामुळे आधी क्षयाची औषधं देऊन पाहणं हा बरेचदा हलगर्जीपणा नसतो. शिवाय इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी शरीरात दडलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची किंवा त्वचेवरची चाचणी होते. ती टाळू नका. दोन्ही आजारांच्या या शेजारातून एक चांगली गोष्टही झाली. आर. एन. कटारिया या भारतीय सर्जनने १९७७ साली क्षयाने आवळलेलं आतडं न कापता रुंद करण्याची पद्धत मांडली आणि पुढे तीच क्रोन्ससाठी जगभर वापरली गेली.

‘ऑपरेशन करावं लागलं म्हणजे उपचार हरले’

नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या १४३ रुग्णांच्या अभ्यासात आजार लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागापुरता असलेल्यांत काहींना थेट ऑपरेशन, काहींना इन्फ्लिक्सिमॅब दिलं गेलं. सुमारे पाच वर्षांनी पाहिलं तर औषध दिलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. ऑपरेशन झालेल्यांपैकी कुणालाही आतडं पुन्हा कापावं लागलं नव्हतं. योग्य रुग्णात ऑपरेशन हाही उपचारच आहे.

डिस्चार्ज कार्डावर ‘आतड्याचं ऑपरेशन’ एवढंच लिहून दिलं असेल तर सर्जनकडून ऑपरेशन नोट मागून घ्या. किती सेंटिमीटर काढलं, किती उरलं, झडप आहे की गेली, जोड कुठे आहे, हे त्यात असतं. तिची एक प्रत फायलीत आणि एक फोटो फोनमध्ये ठेवा. पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर रात्री गाठलेल्या अनोळखी डॉक्टरला सगळ्यांत आधी तीच दाखवा.