ढगाआडचा डोंगर

नेपाळमधल्या मुक्तिनाथाच्या यात्रेला निघालेली आपल्याकडची कितीतरी माणसं पोखऱ्याहून जोमसोमला छोट्या विमानानं जातात. प्रवास जेमतेम २० मिनिटांचा. एका अंगाला अन्नपूर्णा, दुसऱ्या अंगाला धौलागिरी, मधे काळीगंडकीची दरी. २९ मे २०२२ रोजी याच वाटेवर तारा एअर कंपनीचं ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळलं आणि २२ जण गेले. त्यांत ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं.

अशा बातमीनंतर हमखास ऐकू येतं, ‘विमान जुनाट असणार.’ ते जुनं होतंही. पण २४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच कंपनीचं, त्याच मार्गावर पडलेलं ट्विन ऑटर जवळजवळ कोरं होतं. २३ जण गेले. चौकशी अहवालानं बोट ठेवलं ते वैमानिकांच्या निर्णयावर: बाहेर पाहत करायच्या उड्डाणात ते पुन्हा पुन्हा ढगात शिरले आणि ठरलेली वाट सोडून भरकटले. अशा अपघातांत बहुधा यंत्र शाबूत असतं. समोर डोंगर आहे, एवढंच दिसत नाही.

‘मुरलेल्या वैमानिकाला ढगातही अंदाज येतो’ हा समज सर्वांत घातक. क्षितिज दिसेनासं झालं की शरीराचा तोल कानाच्या आतल्या भागावर येतो, आणि तो फसवतो. संथ वळण बराच वेळ चाललं तर कानातला द्रव स्थिरावतो आणि विमान सरळच चाललंय असं वाटू लागतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. सराव असलेला वैमानिक उपकरणं पाहून विमान सरळ ठेवील, पण अरुंद दरीत सरळ जाणंही कड्यावर नेऊ शकतं.

मग वर का चढत नाहीत? दोन्ही बाजूंची शिखरं ८,००० मीटरपलीकडची. ट्विन ऑटरची केबिन हवेचा दाब राखणारी नाही, आणि चढायला लागणारा वेळ दरीत मिळतोच असं नाही. ओली हवा उताराला धडकून वर सरकली की गार होते, ढग तिथेच धरतो. मोकळी दिसलेली दरी थोड्या वेळात बुजते.

डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र दोन्ही विमानांत होतं. दरीत ते स्वच्छ हवेतही वाजतं, म्हणून कान सरावतात. २०१६ मध्ये इशारे वाजले, पण मानले गेले नाहीत. २०२२ मध्ये ते दाबून ठेवले होते.

मुक्तिनाथाला जाणार असाल तर परतीच्या आरक्षणात एक-दोन दिवस मोकळे ठेवा. पोखऱ्यात उड्डाण रद्द झालं तर काउंटरवर हुज्जत घालू नका.