साठ हजार टाक्यांचं मोल

डिसेंबर सरता सरता साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठले. सोबत गाडीच्या टपावर जमलेल्या पांढऱ्या थराचा फोटो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, तेव्हा तिथल्या थंडीचं नवल नाही. पण त्याच दिवशी खाली कराडात, सांगलीत, मिरजेत दुपारी पंखा लावावा लागतो. पहाटेचा आणि रात्रीचा गारठा सोडला, तर कृष्णाकाठाला लोकरीचे कपडे वापरायला वर्षातले जेमतेम दोन महिने मिळतात. तरीही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असं जुनं घर सापडणं अवघड, की जिथल्या कपाटात कुणीतरी हातानं विणलेली एखादी लोकरीची वस्तू डांबराच्या गोळ्यांसोबत जपून ठेवलेली नाही.

ही कला इथे थंडीनं रुजवली नाही. ती रुजवली बाळंतविड्यानं आणि रुखवतानं.

देण्याघेण्यातली लोकर

लेकीचे दिवस भरत आले, की माहेरी बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, टोपडी, दुपटी शिवून होतात; पण स्वेटर, कानटोपी आणि मोजे यांचा लोकरीचा संच असल्याशिवाय विडा भरलेला वाटत नाही. बाळ वैशाखात जन्मलं तरी हा संच येतोच. तो आजी विणते, मावशी विणते, नाहीतर शेजारच्या काकू ‘माझ्याकडून एवढं असू द्या’ म्हणून आणून देतात. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसल्यानं पिवळी, पांढरी किंवा पोपटी लोकर घ्यायची, ही त्यातली जुनी शहाणीव.

रुखवतात मान क्रोशाचा. ताटावरचे रुमाल, टीपॉयवरचं कव्हर, दाराचं तोरण, मण्यांची किनार लावलेली तांब्या-भांड्यावरची झाकणं. एके काळी घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर क्रोशाचं काहीतरी चढायचं: आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, मग टेलिफोनवर. आज हसू येतं, पण त्या रुमालांत मोर, हंस आणि कमळ चौकटी मोजून उतरवलेले असत. बारीक सुताच्या एका रुमालाला महिना लागे आणि तो करणारी बाई चार माणसांचा स्वयंपाक आटोपून दुपारी दोन ते चार या वेळात तो करत असे.

काटकसरीचीही एक शिस्त होती. थोरल्याला आखूड झालेला स्वेटर टाकून देत नसत. तो उसवायचा, लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिच्या लडी करायच्या, धुऊन खाली वजन बांधून टांगायच्या. लोकरीतली वळणं गेली, की गुंडे करून त्यात दुसऱ्या रंगाचे पट्टे घालून धाकट्याचा स्वेटर तयार. एकच लोकर तीन भावंडांच्या अंगावरून फिरल्याची उदाहरणं मध्यमवर्गीय घरांत विपुल आहेत.

सुई आली कुठून?

कातणं आणि मागावर विणणं आपल्याकडे पुरातन. पण दोन सुयांवरचं विणकाम आणि क्रोशा ही एकोणिसाव्या शतकातली आवक. क्रोशा तर युरोपातही फार जुना नाही. त्याचे छापील नमुने तिथे १८२०च्या दशकात दिसू लागले आणि आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकातल्या दुष्काळात हजारो घरं या जाळीकामावर जगली. मिशनरी शाळांनी ही कौशल्यं भारतात आणली. आंध्रातलं नरसापूर त्यातूनच क्रोशाच्या लेसचं मोठं केंद्र बनलं. आपल्याकडे ती धंद्यात न जाता घरात शिरली. पाचगणी-महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांच्या वसाहती आणि निवासी शाळा होत्या, साताऱ्यात १८४९पासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. लोकरीच्या सुया इकडच्या बायकांच्या नजरेला पडायला एवढं पुरेसं होतं.

ही कला केवळ हौसेची न राहता शिक्षणाचा भाग बनावी, यात या भागातल्या एका लेकीचा मोठा वाटा आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली देवराष्ट्र्यात, कुर्लेकरांच्या घरी झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. पुण्यातल्या सेवासदनाच्या कामातून त्यांनी विधवा आणि गरजू स्त्रियांना शिवण-टिपण, हस्तकला आणि परिचर्या शिकवण्याची सोय उभी केली. बाईच्या हातातलं कसब तिच्या पोटापाण्याला उपयोगी पडलं पाहिजे, हा विचार त्यामागे होता. तो विचार पुढे आपण सोयीस्करपणे विसरलो, त्याकडे शेवटी येऊच.

छापील नमुन्यांचा मार्गही इथूनच गेला आहे. किर्लोस्करवाडीच्या माळावरून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झालं. नांगर आणि चरकाच्या कारखान्याशेजारी मराठी बाईसाठी मासिक निघणं हीच मोठी गोष्ट होती. पुढच्या दशकांत मराठी स्त्रीमासिकांनी पाककृतींच्या जोडीला विणकामाचे नमुने छापले आणि ते पानं कापून, वहीत चिकटवून गावोगाव फिरले. शाळांत कार्यानुभवाच्या तासाला सुया आल्या. ज्यांना इतर काही विणता आलं नाही, त्यांनीही निदान एक वाकडातिकडा मफलर गुणांसाठी विणला.

आणि मग १९६२ उजाडलं. चीनच्या आक्रमणात आपले जवान सुती गणवेश आणि कॅनव्हासच्या बुटांनिशी हिमालयात लढत असल्याचं देशाला समजलं. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणू लागल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेही देवराष्ट्र्याचेच. घरटी फौजी देणाऱ्या सातारा जिल्ह्याला सीमेवरच्या थंडीबद्दल पुस्तकातून वाचावं लागत नव्हतं. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी हे गाव याच जिल्ह्यातलं.

एक टोपी, जवळून

विणकामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणणाऱ्यांनी एकदा क्रोशाची साधी बाळटोपी होताना पाहावी. बोटाभोवती लोकरीचा वेढा घेऊन त्यात १२ खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकाआड एक खांबावर दोन, म्हणजे ३६. चौथीत दोन सोडून तिसऱ्यावर दोन, म्हणजे ४८. फेरीगणिक बाराचीच वाढ राखली, तर चकती सपाट बसते. वाढ जास्त झाली तर कडेला चुण्या पडतात, कमी झाली तर कडा वर उचलली जाते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. म्हणजे चकती ११ सेंटिमीटर रुंद झाली, की वाढ थांबवायची. मग नुसते खांबावर खांब घालत गेलं, की कडा आपोआप खाली वळते आणि टोपीचा आकार येतो. शेवटी मुक्या खांबांची एक घट्ट फेरी. हे सगळं चौथी शिकलेली आजी करते, ती वर्तुळाच्या परिघाचं गणित बोटांनी सोडवत असते.

दोन सुयांच्या विणकामाची रीत वेगळी. तिथे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उभे असतात. एक टाका निसटला, तर तो खालपर्यंत शिडी सोडत जातो आणि क्रोशाच्या आकड्यानं एकेक पायरी उचलत त्याला वर आणावं लागतं. मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. बॉर्डरची एक सुलट-एक उलट वीण, वेणी, जाळी, साबुदाणा हे सगळे त्या दोघांचेच खेळ. सुयांच्या जुन्या क्रमांकांची गंमत अशी, की आकडा मोठा तेवढी सुई बारीक: ८ नंबरची ४ मिलिमीटर जाड, तर १४ नंबरची त्याच्या निम्मी. तरीही त्याच नंबरच्या सुया आणि तीच लोकर देऊन दोघींना विणायला बसवलं, तर दोन मापांचे स्वेटर तयार होतात, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. म्हणून जाणती बाई आधी चार बोटांचा नमुना विणून टाके मोजते आणि मगच स्वेटरचे टाके घालते.

दोन लोकरी, न भेटलेल्या

आता या जिल्ह्यांतली सर्वांत मोठी विसंगती. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा सगळा मेंढ्यांचा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच माणदेशातली, आरेवाडीचा बिरोबा इथलाच. शासनाच्या मेंढी-शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडी आणि रांजणी इथे आहेत. आणि तरी बाळंतविड्याच्या मोज्यांत इथल्या मेंढीच्या लोकरीचा एक धागाही नसतो. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, जुन्या बायकांच्या भाषेत कॅशमिलॉन, आणि ती येते लुधियानाहून. थंडीत शहरातल्या मैदानावर तिबेटी विक्रेते तंबू ठोकून स्वेटर विकतात, त्यातला बराचसा मालही तिकडचाच.

कारण सरळ आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बव्हंशी काळी किंवा करडी. ती टोचते, आणि काळ्यावर रंग चढत नाही. बाळाच्या अंगाला ती चालणार नाही. तिचा उपयोग घोंगडीला. धनगरांनी कातरलेली लोकर पिंजायची, कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि सनगर कारागिरांनी ती खड्डामागावर विणायची, अशी ही साखळी. पावसात अंगावर, रात्री अंगाखाली, पारायणाला बसायला आणि देवाच्या कार्यालाही घोंगडीच. पण रेनकोट आणि गिरणीतली स्वस्त ब्लँकेटं आली, मागणी आटली, आणि आज मेंढ्या कातरायचा खर्च लोकरीतून सुटत नाही म्हणून ती टाकून दिली जाते. मेंढपाळाचं उत्पन्न आता मांसावर आहे. जतकडची माडग्याळ मेंढी नावाजली जाते ती तिच्या वजनासाठी. फलटणच्या निंबकर संस्थेनं ‘नारी सुवर्णा’ ही जात विकसित केली, ती जुळी कोकरं देणारी. मेंढपाळाच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी रास्तच. लोकरीचा वाली मात्र कुणी नाही.

खरं तर जाड लोकरीला जाड आकडा लागतो, एवढंच. अंगात घालायला नको असलेली ही लोकर बसकरं, पिशव्या, गालिचे, चपलांचे तळ आणि भांड्याखालच्या चकत्या यांना उत्तम आहे. ती दणकट असते आणि सहजासहजी पेट घेत नाही. एका बाजूला हात चालणाऱ्या हजारो बायका आणि दुसऱ्या बाजूला वाया जाणारी लोकर, दोन्ही एकाच जिल्ह्यात. त्यांची गाठ घालून द्यायला मोठा प्रकल्प लागत नाही. चांगलं पिंजून-कातून मिळेल एवढी सोय आणि चार चांगले नमुने लागतात.

नव्या हातांतला आकडा

ही कला आजीबरोबर जाणार, असं वीस वर्षांपूर्वी वाटत होतं. तसं झालं नाही. कॉलेजातल्या मुलींनी मोबाईलवर पाहून क्रोशा पुन्हा उचलला. त्यांना ताटावरचे रुमाल नको आहेत. त्या केसांचे रबर, किल्लीला लावायच्या बाहुल्या, न कोमेजणारी सूर्यफुलं आणि जपानी पद्धतीचे इवलेसे प्राणी विणतात. गणपतीत लोकरीची तोरणं, गौरींचे हार, लंगड्या बाळकृष्णाचे कपडे, संक्रांतीचं वाण, लोकरीची रांगोळी यांना घरबसल्या मागणी येते. २०१६च्या जानेवारीत चेन्नईत भारतीय बायकांनी तुकडे जोडून ११,१४८ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून विश्वविक्रम केला, तेव्हा ही हौस किती दूरवर पसरली आहे ते दिसलं. विणकामाचा मनाला होणारा लाभही अभ्यासला गेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी भाग घेतला. वारंवार विणणाऱ्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचं सांगितलं.

हिशेब

एवढं सगळं असून एक गोष्ट बदललेली नाही: या कामाची किंमत. नात्यात दिलेल्या वस्तूची किंमत कुणी विचारत नाही, हे ठीकच. पण तीच बाई विकायला बसली, की ‘लोकरीचे किती झाले?’ एवढाच प्रश्न येतो.

मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घ्या. दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी धरल्या, तर ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब पुढच्या भागाला १९,८०० टाके होतात. पाठीला तेवढेच, दोन बाह्यांना मिळून आणखी वीस हजार. म्हणजे साठ हजार. सराईत हात मिनिटाला पंचवीस टाके विणत राहिला, तरी चाळीस तास झाले. जोडणी आणि गळा वेगळा. लोकरीचा खर्च वजा जाता तिच्या हाती हजार रुपये पडले, तर तासाला पंचवीस रुपये मजुरी झाली. शेतातल्या भांगलणीलाही आज यापेक्षा जास्त मिळतात. क्रोशाचं तर त्याहून पुढचं आहे. सुयांच्या विणकामाला यंत्र आहे, खऱ्या क्रोशाला अजून यंत्र नाही. मॉलमध्ये दोनशे रुपयांत क्रोशाचा टॉप मिळाला, तर तो कुठल्या तरी बाईच्या हातांनीच विणलेला आहे, आणि तिला काय मिळालं असेल याचा अंदाज आपणच करायचा.

रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेली गोष्ट अजून अपुरी आहे. तेव्हा वाचकांना दोनच गोष्टी सांगायच्या. आपल्या घरात विणणारं जे कुणी थोरलं माणूस आहे, त्याच्याजवळ एखाद्या सुट्टीत बसा आणि त्याच्या विणी टाक्यांच्या आकड्यांसह वहीत उतरवून घ्या. त्यातल्या अनेक कुठेही छापलेल्या नाहीत. आणि हातानं विणलेली वस्तू विकत घ्याल, तेव्हा घासाघीस करू नका. लोकरीचे पैसे वेगळे विचारा, तासांचे वेगळे द्या.