घरबसल्या कामाचा बाजार (लेखांक 6) : बोलीवर बोली

फ्रीलान्स कामाच्या ऑनलाइन बाजारात एखादे बऱ्यापैकी काम जाहीर झाले, की काही तासांतच त्यावर प्रस्तावांचा ढीग पडतो. 'अपवर्क'सारख्या संकेतस्थळावर प्रत्येक कामाखाली आलेल्या प्रस्तावांचा ढोबळ आकडा दिसतो. 'पाचपेक्षा कमी'पासून सुरू झालेला हा आकडा लोकप्रिय कामांत पाहता पाहता 'पन्नासहून अधिक'वर जातो. काम देणारा ग्राहक हे सगळे प्रस्ताव वाचत नाही. तो वरचे काही उघडतो, त्यांतल्या दोघा-तिघांशी बोलतो आणि एकाला काम देतो. त्यामुळे प्रस्ताव कसा लिहिला आहे याइतकेच तो यादीत कितव्या जागी दिसतो हेही महत्त्वाचे ठरते. ही वरची जागा पैसे मोजून मिळवण्याची सोय आता बहुतेक मोठ्या बाजारांनी केली आहे. तिलाच प्रस्ताव 'बूस्ट' करणे किंवा प्रायोजित बोली लावणे म्हणतात.

दलालीकडून जाहिरातीकडे

या बाजारांचे मूळ उत्पन्न दलालीचे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'ईलान्स' ही कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी बीरुद शेठ हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. 2003 मध्ये दोन ग्रीक मित्रांनी 'ओडेस्क' काढली. 2013 च्या डिसेंबरात या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली आणि 2015 मध्ये एकत्रित कंपनीचे नाव 'अपवर्क' झाले. या सर्व काळात व्यवहार साधा होता. काम मिळाले, पैसे आले, की त्यातला ठरावीक हिस्सा संकेतस्थळ कापून घेई. काम मिळाले नाही तर कामगाराचे फारसे काही जात नसे.

अर्जांच्या संख्येवर मर्यादा मात्र होती. अपवर्कवर त्यासाठी 'कनेक्ट' नावाचे टोकन असते आणि प्रत्येक प्रस्तावामागे काही कनेक्ट खर्ची पडतात. 2019 पर्यंत साध्या खात्याला महिन्याला 60 कनेक्ट फुकट मिळत आणि बहुतेक कामांना दोन पुरत. म्हणजे महिन्याला तीसेक अर्ज विनामूल्य करता येत. 2019 मध्ये हे बदलले. एका कनेक्टला 15 सेंट किंमत लावण्यात आली आणि पुढे एकेका अर्जाला लागणाऱ्या कनेक्टची संख्याही वाढत गेली. कारण म्हणून सांगितले गेले ते असे, की फुकट अर्जांमुळे जो तो दिसेल त्या कामावर तोच मजकूर चिकटवत सुटतो आणि ग्राहक कंटाळून निघून जातो. या युक्तिवादात तथ्य आहे. अर्ज करणाऱ्याला अर्जाची किंमत शून्य असली, तरी वाचणाऱ्याच्या वेळेची किंमत शून्य नसते. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर नेटका प्रस्ताव लिहिणे मिनिटाभराचे काम झाले, तेव्हा हा युक्तिवाद आणखी बळकट झाला.

प्रवेशशुल्क एकदा रुळले, की पुढची पायरी अवघड नव्हती. आत येण्याचे पैसे घेतल्यावर आतली पुढची जागाही विकता येते.

लिलाव चालतो कसा

अपवर्कवर प्रस्ताव पाठवताना मूळ कनेक्टखेरीज जादा कनेक्टची बोली लावता येते. सर्वांत मोठ्या बोली लावणाऱ्या मोजक्या प्रस्तावांना ग्राहकाच्या यादीत वरच्या तीन-चार जागा मिळतात आणि त्यांवर ते बूस्ट केलेले असल्याची खूण दिसते. बोली लावणाऱ्याला त्या क्षणी वरच्या जागा किती कनेक्टना गेल्या आहेत हे दिसते, त्यामुळे चढी बोली लावता येते. मागून कोणी त्याहून मोठी बोली लावून त्याला खाली ढकलले, तर जादा कनेक्ट परत मिळतात. मूळ अर्जाचे कनेक्ट मात्र गेलेच. म्हणजे एकाच अर्जात दोन वेगवेगळे खर्च आहेत : पहिला खर्च हरणाऱ्या-जिंकणाऱ्या सगळ्यांनाच पडतो, दुसरा फक्त वरची जागा मिळवणाऱ्यांना.

इतर बाजारांत याच कल्पनेची वेगळी रूपे आहेत. सिडनीत 2009 मध्ये सुरू झालेल्या 'फ्रीलान्सर डॉट कॉम'वर ठरावीक शुल्क देऊन बोली प्रायोजित करता येते, तसेच ती रंगाने उठून दिसेल अशीही करता येते. इस्रायलमधल्या 'फाइव्हर'ची रचनाच उलटी आहे. तिथे कामगार आपली सेवा दुकानासारखी मांडतो आणि ग्राहक शोधत येतो, त्यामुळे तिथली जाहिरात दुकानाच्या पाटीची असते आणि ग्राहकाने त्या पाटीवर क्लिक केले तरच पैसे कापले जातात. हा फरक लहान नाही. क्लिकमागे पैसे देणारा निदान कोणीतरी डोकावल्याची खात्री विकत घेतो. प्रस्ताव बूस्ट करणारा यादीतली जागा विकत घेतो.

जागेचा लिलाव ही कल्पना शोधयंत्रांकडून आली आहे. बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम'ने 1998 मध्ये शोधनिकालांतल्या जागा लिलावाने विकायला सुरुवात केली. तिथे जो जितकी बोली लावी तितके पैसे त्याला द्यावे लागत, त्यामुळे जाहिरातदार सतत बोली वरखाली करत राहत. गूगलने 2002 मध्ये पद्धत बदलली. वरच्याने स्वतःची पूर्ण बोली द्यायची नाही, त्याच्या खालच्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम द्यायची. शिवाय जाहिरातीवर लोक किती वेळा क्लिक करतात हेही क्रम ठरवताना धरले जाऊ लागले, म्हणजे कामाची नसलेली जाहिरात केवळ पैशाच्या जोरावर वर राहणे कठीण झाले. प्रस्तावांच्या साध्या लिलावात हा तोल सापडत नाही. तिथे सहसा लावलेली बोली हीच किंमत असते. त्यामुळे 'वरच्याहून एक कनेक्ट जास्त' अशी चढाओढ लागते आणि तिच्या भरात कामाची खरी किंमत विसरली जाते.

पैशाने काय मिळते

वरची जागा मिळाली म्हणजे काम मिळाले असे नाही. वाढते ती प्रस्ताव उघडला जाण्याची शक्यता. उघडल्यानंतर ग्राहकाची नजर पहिल्या दोन ओळी, आधीच्या कामाचे नमुने, ग्राहकांचे शेरे आणि मागितलेला दर यांवर जाते, आणि तिथे बूस्टचा काही उपयोग नसतो. ज्याचा प्रस्ताव वाचल्यावर आवडण्यासारखा असतो पण खाली दबून जातो, त्यालाच बूस्टचा फायदा होतो. मुळातच कमकुवत असलेला प्रस्ताव वर आणला, तर तो एवढेच साधतो की त्याला लवकर नकार मिळतो.

बूस्टची खूण पाहून ग्राहकाने काय समजावे, हा याचाच दुसरा भाग. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी 1974 मध्ये असे मांडले, की जाहिरातीवरचा खर्च ही स्वतःच एक माहिती असते. ज्याचा माल एकदा घेतल्यावर लोक पुन्हा घेतात, त्यालाच मोठा खर्च परवडतो. फ्रीलान्स बाजारात हे अर्धेच लागू पडते. ज्याला एका ग्राहकाकडून वर्षभराचे काम मिळते तो जास्त बोली लावू शकतो, हे खरे. पण ज्याला इतर कोणत्याही वाटेने काम मिळत नाही तोही बूस्ट करतो, आणि ग्राहकाला खुणेवरून या दोघांतला फरक कळत नाही.

एका अर्जाचा हिशेब

उदाहरणादाखल काही आकडे मानून चालू. एका कामाच्या अर्जाला 12 कनेक्ट लागतात, म्हणजे 1.80 डॉलर. बूस्टसाठी 30 कनेक्ट, म्हणजे 4.50 डॉलर. एकूण खर्च 6.30 डॉलर. साध्या शंभर अर्जांतून दोन कामे मिळतात आणि बूस्ट केलेल्या शंभरातून चार, असे धरू.

बूस्टशिवाय शंभर अर्जांचा खर्च 180 डॉलर, दर कामामागे 90. बूस्टसह खर्च 630 डॉलर, दर कामामागे 157.50. यश दुप्पट झाले, खर्च साडेतीनपट झाला. पण ही सरासरी फसवी आहे. बूस्ट करायचे की नाही हे ठरवताना जादा खर्च आणि जादा यश एवढेच पाहायला हवे. जादा 450 डॉलर घालून जादा दोन कामे मिळाली, म्हणजे प्रत्येक जादा काम 225 डॉलरना पडले.

आता कामाची बाजू. काम 300 डॉलरचे असेल आणि दलाली 10 टक्के धरली, तर हाती 270 डॉलर येतात. (अपवर्कवर 2023 पासून दलाली सरसकट 10 टक्के होती. 2025 च्या मे महिन्यापासून नव्या करारांवर ती 0 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान बदलती असते.) त्या कामाला 20 तास लागणार असतील आणि तेवढ्या वेळात ती व्यक्ती अन्यत्र ताशी 5 डॉलर कमावू शकत असेल, तर 100 डॉलर वेळेची किंमत म्हणून वजा करावे लागतात. उरले 170. त्यासाठी 225 मोजणे हा तोटा. हेच काम 600 डॉलरचे आणि 40 तासांचे असते, तर हाती 540, वेळेची किंमत 200, शिल्लक 340. तिथे 225 मोजणे परवडते. एका कामातून पुढची कामे मिळण्याची शक्यता असेल, तर तीही शिल्लकेत धरायला हवी.

यावरून निघणारा नियम सरळ आहे. बोलीची वरची मर्यादा इतरांच्या बोलीवरून ठरत नाही. बूस्टमुळे काम मिळण्याची शक्यता जितकी वाढते, तिला कामातून उरणाऱ्या रकमेने गुणावे. येईल ती मर्यादा. वरच्या उदाहरणात शक्यता शेकडा दोनने वाढते. शिल्लक 170 असेल तर मर्यादा 3.40 डॉलर, म्हणजे 22 कनेक्ट. शिल्लक 340 असेल तर 6.80 डॉलर, म्हणजे 45 कनेक्ट. शक्यतेचा आकडा ज्याचा त्याने स्वतःच्या नोंदींवरून काढावा लागतो. किती अर्ज बूस्ट केले, किती उघडले गेले, कितींना उत्तर आले, किती कामे मिळाली, ही वही ठेवल्याशिवाय बूस्टचा निर्णय म्हणजे अंदाजपंचे.

बूस्ट कुठे वाया जातो

काही ठिकाणी हिशेब मांडण्याचीही गरज नसते. पाचपेक्षा कमी प्रस्ताव आलेल्या कामावर सगळे प्रस्ताव तसेही दिसतातच. ग्राहकाने मुलाखती सुरू केल्या असतील, तर वरची जागा रिकाम्या दालनातली असते. कामाच्या पानावर ग्राहकाने शेवटचे कधी पाहिले, किती जणांशी बोलणे सुरू आहे, आधीच्या किती जाहिरातींवर प्रत्यक्ष काम दिले आणि त्याची पैसे देण्याची पद्धत पडताळलेली आहे का, हे दिसते. ज्या ग्राहकाने आजवर अनेक कामे जाहीर करून जवळपास कोणालाच काम दिलेले नाही, त्याच्या यादीत पहिला क्रमांक मिळवूनही उपयोग नाही.

आणखी एक धोका लिलावाच्या स्वभावातच आहे. तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अमेरिकी अभियंत्यांनी 1971 मध्ये दाखवले, की ज्याचा अंदाज सर्वांत आशावादी असतो तोच लिलाव जिंकतो, आणि म्हणूनच जिंकणारा अनेकदा तोट्यात जातो. मोघम लिहिलेल्या, व्याप्ती न सांगणाऱ्या कामांवर सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याचे हेच होते.

सगळ्यांचा मिळून हिशेब

वरच्या जागा मोजक्याच असतात. दहा जणांनी पाच-पाच कनेक्ट लावले काय आणि पन्नास-पन्नास लावले काय, वर तितकेच येतात. कामे वाढत नाहीत, ग्राहक वाढत नाहीत, वाढतो तो एकत्रित खर्च. एकट्याने पाहिले तर बूस्ट शहाणपणाचा असू शकतो, सगळ्यांनी मिळून पाहिले तर त्यातला मोठा भाग संकेतस्थळाच्या खात्यात जातो. अपवर्कच्या तिमाही अहवालांत जाहिरातीच्या उत्पन्नाचा वाढीचे साधन म्हणून ठळक उल्लेख असतो, याचे कारण हेच. दलालीत संकेतस्थळाचा आणि कामगाराचा स्वार्थ एकाच दिशेने जातो, कारण काम मिळाले तरच दोघांना पैसे मिळतात. अर्ज आणि जागा विकण्यात तसे बंधन उरत नाही.

भारताचा या बाजाराशी संबंध मोठा आहे. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या ऑनलाइन श्रम निर्देशांकात भारत हा अशा कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठादार देश आहे. कनेक्टची किंमत मात्र देशोदेशी सारखीच, डॉलरमध्ये. डॉलर 85 रुपयांना धरला, तर वरच्या उदाहरणातल्या एका बूस्टचे सुमारे 380 रुपये होतात, आणि जीएसटी क्रमांक नसलेल्याला त्यावर 18 टक्के कर पडतो तो वेगळा. तरीही भारतीय कामगार अशा लिलावात मागेच पडेल असे नाही. नाशिक किंवा कोल्हापूरच्या डिझायनरला स्थानिक बाजारात मिळणारा दर कमी असेल, तर त्याच डॉलरच्या कामातून त्याची शिल्लक बर्लिनच्या डिझायनरपेक्षा जास्त उरते, म्हणून त्याला मोठी बोलीही परवडू शकते. त्याची अडचण वेगळी आहे. हा खर्च आधी करावा लागतो, काम नंतर मिळते आणि कदाचित मिळतही नाही. पहिले काम मिळण्याआधीच पुंजी संपण्याचा धोका नवख्याला सर्वाधिक असतो, आणि शेरे नसल्यामुळे बूस्टचा फायदाही त्यालाच सर्वांत कमी होतो.

म्हणून प्रस्ताव बूस्ट करणे हे जम बसलेल्याचे साधन आहे, जम बसवण्याचे नव्हे. नवख्याने तोच पैसा जास्त कामांवर साधे, नीट वाचून लिहिलेले अर्ज पाठवण्यात घालावा. गाठीशी नमुने, शेरे आणि स्वतःच्या अर्जांची नोंद जमल्यावर, मोठ्या आणि नेमक्या कामांपुरताच बूस्ट वापरावा, आणि बोली लावण्याआधी तिची मर्यादा कागदावर लिहून ठेवावी.

(क्रमशः)