कॅसिनो : कायदा झाला, दार मात्र उघडलेच नाही

सेवाग्राम आणि पवनारच्या आश्रमांनी ओळख दिलेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. कॅसिनोचा तर प्रश्नच उद्भवत नाही. मात्र येथील पर्यटक गोव्यास जातो, तेव्हा पणजीजवळ मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणारी जहाजे त्याचे लक्ष वेधून घेतात. गोव्यात जे चालते ते महाराष्ट्रात का नाही, असा प्रश्न मग स्वाभाविकच पडतो. त्याचे उत्तर १९७६ या एकाच वर्षात दडले आहे.

कॅसिनो हा मूळ इटालियन शब्द. त्याचा अर्थ छोटे घर. व्हेनिस येथे १६३८ मध्ये शासनमान्यतेने सुरू झालेले 'रिदोत्तो' हे युरोपातील आद्य सार्वजनिक जुगारगृह मानले जाते. आपल्याकडे ब्रिटिशांनी जुगाराकडे गुन्हा म्हणूनच पाहिले. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने येथे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता. राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई प्रांताच्या १८८७ च्या कायद्याचा अंमल आला.

एक वर्ष, दोन कायदे

१९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देणारा व त्यांवर कर बसविणारा कायदा संमत केला. मात्र तो अमलात येण्याची तारीख शासनाने अधिसूचनेद्वारे ठरवायची होती. ती अधिसूचना कधीच निघाली नाही. त्याच वर्षी गोवा, दमण व दीवसाठी झालेला कायदा जुगारास बंदी घालणारा होता. पुढे १९९२ च्या दुरुस्तीने गोव्यात पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरील खेळांस मुभा मिळाली आणि त्यानंतर जहाजांवरील कॅसिनोंचा मार्ग मोकळा झाला. अशा रीतीने बंदीचा कायदा करणाऱ्या गोव्यात कॅसिनो आले आणि परवानगीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात ते आलेच नाहीत. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि ४७ वर्षे कागदावर राहिलेल्या या प्रकरणावर पडदा पडला.

आकर्षण आणि गणित

रूले, ब्लॅकजॅक, बॅकरा यांच्या जोडीला आपल्याकडची तीन पत्ती व अंदर-बाहर, शिवाय संगीत आणि भोजन अशी कॅसिनोची मोहिनी असते. त्यामागील हिशेब मात्र कोरडा आहे. युरोपीय रूलेच्या चक्रावर शून्यासह ३७ घरे असतात. एका अंकावर शंभर रुपये लावून जिंकल्यास मूळ रकमेसह ३,६०० रुपये हाती येतात. परंतु तो अंक येण्याची शक्यता ३७ मध्ये एकच. म्हणजेच ३,७०० रुपये लावणाऱ्यास सरासरी ३,६०० रुपये परत मिळतात. एखादा खेळाडू एखाद्या रात्री जिंकतोही. पण दीर्घकाळात नफा कॅसिनोचाच होतो. त्यासाठी लबाडीची गरज नसते, नियमच तसे आखलेले असतात.

गोवा सरकारनेही फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली, ही बाब बोलकी आहे. पर्यटकाचा पैसा हवा, पण आपल्या घरातील पैसा तेथे जाऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

दरम्यान मोबाइलमुळे जुगाराला ना जहाज लागले ना परवाना. तो खेड्यापाड्यांतील घरांतही शिरला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तथापि हंगामाचा पैसा हाती आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला रूलेच्या ३७ घरांचे हे साधे गणित ठाऊक असणे, हे कोणत्याही बंदीइतकेच मोलाचे ठरेल.