आठ महिने मी त्यांना वडिलांच्या नावाने हाक मारत होतो

मागच्या भागात उधारीच्या वसुलीवर बोललो. आजचा विषय त्यापुढे अगदी किरकोळ वाटेल: गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवणं. पण माझं नुकसान उधारीपेक्षा यात जास्त झालं असावं, म्हणून सांगतो.

मी बेंगळुरूला राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत बेअरिंग पुरवतो. छोटे लेथवाले, प्रेसवाले, मोल्डिंगवाले ही माझी गिऱ्हाइकं. बेअरिंगचे नंबर मला झोपेतून उठवून विचारा. ६२०५ म्हटलं की शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, आतला व्यास २५ मिलिमीटर. ६२०६ असेल तर ३०. एकदा ही रीत कळली की नंबर पाठ करावा लागत नाही, तो स्वतःच बोलतो. माणसांच्या नावांचीही अशी रीत असते, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

इथे आलो त्या पहिल्या वर्षी एक शेड मिळाली. मालक सज्जन, पैसे वेळेवर. बिलासाठी जीएसटीचे कागद घेतले, त्यावर दोन शब्दांचं नाव होतं. आपल्या सवयीप्रमाणे मी पहिला शब्द नाव धरला आणि दुसरा आडनाव. फोन केला की पहिला शब्द आणि पुढे ‘सर’. असे आठ महिने गेले.

मग खंडेनवमी आली. कर्नाटकात तिला आयुधपूजा म्हणतात, आणि राजाजीनगरात ती बघण्यासारखी असते. मशीन धुऊन पुसून त्यांना कुंकू, झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खुंट, उंबऱ्यावर फोडलेला कोहळा, हातात चुरमुऱ्यांचा प्रसाद. त्या दिवशी शेडमध्ये एका फोटोला हार घातलेला दिसला. खाली कन्नडमध्ये नाव होतं, मला वाचता येत नव्हतं. ऑपरेटर पोराला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, मालकांचे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले. आणि त्याने नाव सांगितलं. मी आठ महिने मालकांना त्याच नावाने हाक मारत होतो.

प्रसादाचे चुरमुरे हातातच राहिले. मालकांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, “मी दोनदा सांगितलं होतं, तुम्ही घाईत होता.” बस, एवढंच. त्यानंतर मला कळलं, की त्यांची महिन्याची ठरलेली ऑर्डर दुसऱ्याकडे जात होती आणि माझ्याकडून ते फक्त अडीअडचणीचे नग घेत होते. नावामुळेच, असं मी म्हणणार नाही. माझा दरही दोन पैसे जास्त होता. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता ती रीत. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. जुन्या म्हैसूर भागात बहुतेक वेळा उलटं: आधी गाव, मग वडील, शेवटी स्वतःचं नाव. माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा घ्या. एच म्हणजे हरदनहळ्ळी, हासन जिल्ह्यातलं त्यांचं गाव. डी म्हणजे वडील दोड्डेगौडा. मुलगा एच. डी. कुमारस्वामी. आद्याक्षरं तीच, पण या डीचा अर्थ देवेगौडा! गंमत म्हणजे गाव आपणही नावात घालतोच, फक्त शेवटी ‘कर’ लावून. आपण असतो तर हरदनहळ्ळीकर झालो असतो.

तमिळ नावांतही वडील पुढे असतात. बुद्धिबळाचे विश्वनाथन आनंद यांना जगभर ‘विशी’ म्हणतात. विश्वनाथन हे वडिलांचं नाव, स्वतःचं नाव आनंद. म्हणजे चूक करणारा मी एकटाच नाही. पण मी जगज्जेत्याशी नाही, गिऱ्हाइकाशी बोलत होतो. उत्तर कर्नाटकात पुन्हा वेगळं: बेळगाव, धारवाडकडे पाटील, कुलकर्णी अशी आडनावं शेवटीच येतात. त्यामुळे कागदावरून अंदाज बांधू नका.

विचारा. “निम्म हेसरु एनु?” म्हणजे तुमचं नाव काय. यावर कागदावरचं नाव मिळतं. मी दुसरं विचारतो, “निम्मन्न एनंत करीबेकु?” म्हणजे तुम्हाला काय म्हणून हाक मारू? यावर माणूस हसतो आणि खरं नाव देतो. राजाजीनगरचंच बघा ना. चक्रवर्ती राजगोपालाचारींना लोक राजाजी म्हणत, वस्तीला तेच नाव पडलं. इथला मोठा रस्ता डॉ. राजकुमार यांच्या नावाचा, जन्मनाव मुत्तुराज.

नाव विसरतं का, याचंही उत्तर आहे. १९८७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि धंदे शिकवले. ‘बेकर’सारखे शब्द आडनाव म्हणूनही वापरले आणि धंदा म्हणूनही. शब्द तोच, पण धंदा म्हणून सांगितला की जास्त लक्षात राहिला. आपल्याकडे सुतार म्हणा. हा सुतारकाम करतो म्हटलं की रंधा दिसतो, लाकडाचा भुसा दिसतो. आडनाव सुतार म्हटलं की काहीच दिसत नाही.

म्हणून नावाला काहीतरी बांधून ठेवायचं. मी मशीन बांधतो: अमुक म्हणजे दाराजवळची जुनी लेथ. फोनमध्ये नाव आधी, मशीन नंतर. ‘टक्कलवाले’ किंवा ‘जाडे’ असं कधीही साठवू नका, स्क्रीन समोरच्यालाही दिसते.

आणि उजळणी. लँडॉअर आणि ब्योर्क यांनी १९७८ मध्ये नावांवरच प्रयोग केले. अंतर वाढवत वाढवत नाव आठवून पाहिलं, तर ते टिकतं. मी शेडच्या बाहेर पडताना एकदा आठवतो, नवरंग सिग्नलला एकदा, रात्री डायरी लिहिताना एकदा. बघून नाही, आठवून. न आठवलं तर मगच बघायचं.

बेंगळुरूत एक सापळा आहे, ‘सर’. सगळ्यांना सर म्हणता येतं आणि नाव माहीत नसताना वर्षं निघतात. मीही त्यात राहिलो असतो.

पुढच्या आठवड्यात त्या शेडमध्ये गेलो. बरोबर नावाने हाक मारली. त्यांनी चष्मा वर केला, क्षणभर बघितलं, आणि विचारलं, “६२०५ किती आहेत तुमच्याकडे?”